बिननावी अ‍ॅम्प्लिफायरचा बाप

"मशीनला नाव नसलं तरी बाप असतोच, आणि तो मला झाकण काढलं की दिसतो."

हे वाक्य कानसेन एकदा भर दुकानात बोलून गेले आणि गिऱ्हाइकांनी ते गावभर केलं. कानसेन हे अर्थातच लोकांनी ठेवलेलं नाव. रेडिओ, रेकॉर्डप्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. मशीन चालू झालं की ते डोळे मिटत, मान डावीकडे वळवत आणि उजवा कान आवाजासमोर धरत. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राही. काय ही तंद्री, काय ही साधना!

त्यांच्या बायकोला त्या साधनेचं मूळ ठाऊक होतं. डाव्या कानाने त्यांना फारसं ऐकू येत नव्हतं. लग्न झालं तेव्हाही येत नव्हतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, फक्त त्यांना सोडून.

तिने सगळा संसार या दोन कानांच्या बेताने मांडला होता. काही मागायचं असलं की ती त्यांच्या उजवीकडे बसे, मन मोकळं करायचं असलं की डावीकडे. डावीकडे बसून तिने सासूचा, नणंदांचा आणि खुद्द त्यांचाही यथेच्छ समाचार घेतला होता. ते मान खाली घालून तारांना सोल्डरचे डाग देत राहत आणि मधूनच "हं" म्हणत. एवढा समजूतदार नवरा आळीत दुसरा नव्हता. कधीकधी मात्र तिला वाटे, आपलं अर्धं आयुष्य या माणसाच्या डाव्या बाजूला अंधारात पडून आहे, आणि तिथे कुणी दिवा लावायला आलेलंच नाही.

घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. मधोमध एक लांब टेबल. त्याच्या एका टोकाला त्यांची सोल्डरिंगची कामं, दुसऱ्या टोकाला तिचं शिवणयंत्र. दोघांच्या मधे एकच दिवा लोंबकळत असे आणि तो कुणाकडे ओढायचा यावरून दिवसाकाठी एकदा तरी वाजे. तिच्या सुया त्यांच्या स्क्रूंमध्ये जात, त्यांच्या तारांचे तुकडे तिच्या अस्तरांत निघत.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण गेल्या महिन्यात दोघं रस्त्याने जाताना डाव्या बाजूने एक टेम्पो मागे मागे येत राहिला. हॉर्न वाजत होता, ड्रायव्हर ओरडत होता, आणि कानसेन आपल्याच नादात चालले होते. तिने शर्टाला धरून ओढलं म्हणून वाचले. शर्टाचं बटण तुटून गटारात गेलं. घरी येईपर्यंत ते एकच सांगत होते, की त्या हॉर्नला खर्जच नव्हता, असला हॉर्न माणसाला ऐकू येणार कसा.

त्या दिवसापासून ती डावीकडे बसून कुरकुरायची बंद झाली. तिला भीती बसली होती. लेकीने फोन करकरून कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, तेव्हा कानसेनांना नेमकं एक महत्त्वाचं काम निघालं. पुन्हा घेतली, तेव्हा त्यांच्या पोटात दुखू लागलं. शेवटी बायको उजवीकडे बसून रडली, तसं त्यांनी वचन दिलं. ज्या दिवशी एखाद्या मशीनचा बाप मला ओळखता येणार नाही, त्या दिवशी आपल्या पायाने डॉक्टरकडे जाईन, म्हणाले. म्हणजे न जाण्याचीच सोय केली होती.

आणि मग व्याही ते खोकं घेऊन आले.

लेकीचे सासरे निवृत्त झाल्यापासून जुन्या बाजारात हिंडत. घरातली माणसं त्यांना जेवणाच्या वेळी शोधायची ती तिथेच. आज त्यांना एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर सापडला होता. लाकडी पेटीवर कुणीतरी भडक निळा रंग फासलेला, पुढची पट्टी कोरी, मागेही कसला शिक्का नाही. ते टेबलावर ठेवायच्या आधीच व्याह्यांनी जाहीर केलं, की हे परदेशी आहे, आणि तसं त्यांनी बसमध्ये दोघातिघांना सांगूनही टाकलंय.

"अहो व्याही, जन्मदाखला तुम्ही आधीच काढलात. मग माझ्याकडे कशाला आणलंत, बारशाला?" कानसेन म्हणाले.

त्यांनी आधी मशीन स्पीकरला जोडलं. मधोमध खुर्ची मांडली, आणि स्टिरिओला दोन्ही बाजू ऐकायच्या म्हणून मान मुद्दाम सरळ ठेवून डोळे मिटले. रेकॉर्डवर जुनं गाणं लागलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की तिने शिवणयंत्र थांबवलं.

काय तोल आहे, ते म्हणाले. दोन्ही बाजू अगदी सारख्या, बाई मधोमध उभी राहून गातेय असं वाटतं. ज्याने हे केलंय त्याला कान आहेत.

व्याही चुळबुळले. त्यांच्या मते बाई मधोमध उभी नव्हती, डाव्या स्पीकरच्या पोटात बसून बोंबलत होती. कानसेनांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि निवृत्तीनंतर माणसाने एकदा कान तपासून घ्यावेत, असं सुचवलं. हे ऐकून तिच्या हातातला टाका चुकला.

मग झाकण निघालं. आत वर्षानुवर्षांची धूळ होती, गादीतल्या कापसासारखी थरावर थर बसलेली. कानसेन ब्रशने ती झाडू लागले. सुटे भाग निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेले, ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळलेला. कारखान्याचा माल नव्हे, ते पुटपुटले. कुणा एकट्याने घरी बसून केलंय. व्याह्यांचा चेहरा जरा पडला, पण परदेशातही लोक घरी बसत असतील, असं म्हणून त्यांनी स्वतःला सावरलं.

शेवटची धूळ निघाली आणि खालून तारांच्या जुड्या दिसल्या. नीट ओळीत घेऊन दोऱ्याने बांधलेल्या. ती दिवा ओढायच्या निमित्ताने वाकली आणि तशीच राहिली.

तो बटणं लावायचा निळा दोरा होता. दर गाठीपाशी दुहेरी वेढा आणि बाजूला एक बारीक फास. ही गाठ तिला आईने शिकवली होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी, अजून शिवणयंत्र घरात आलेलं नव्हतं तेव्हा, नवरा रात्रंदिवस मशीनं जोडायचा आणि तारा बांधायला तिला बसवायचा. मशीनवर नावाची पाटी लावायला पैसे नसायचे, म्हणून आवाज हीच पाटी असं तो सांगायचा. ती मशीनं कुठेकुठे गेली, आणि मग दुरुस्तीतच जास्त कामं मिळू लागल्यावर जोडणी बंदच पडली. आपल्या हातची गाठ इतक्या वर्षांनी धुळीखालून वर येऊन आपल्याकडे बघतेय, याने तिला कसंसंच झालं.

ती त्यांच्या शेजारी गेली नाही. उजवीकडेही नाही, डावीकडेही नाही. आपल्या जागी जाऊन तिने त्यांचा तो टेम्पोवाला शर्ट घेतला आणि तुटलेल्याच्या जागी नवं बटण लावायला बसली.

इकडे व्याह्यांच्या हट्टापायी कानसेनांनी रेकॉर्ड पुन्हा चालू करून मीटर लावला. काटा डावीकडच्या आवाजाला उडी मारून गेला, उजवीकडे अर्ध्यावर रेंगाळला. त्यांनी मीटर ठोकला. वायरी बदलल्या. दुसरा मीटर आणला, तोही फितूर निघाला. बराच वेळ ते आत बघत बसले. मग हळूच त्यांचे डोळे चमकले.

आत दोन्ही बाजूंचा आवाज जुळवायचे बारीक स्क्रू होते आणि दोन्हींवर लाख ओतून ते कायमचे बंद केलेले होते. म्हणजे बिघाड नाही, कानसेन उभे राहून सांगू लागले. करणाऱ्याने हे मीटरने नाही, कानाने जुळवलं. त्याला दोन्ही बाजू सारख्या ऐकू येईपर्यंत डावी वाढवत नेली, आणि मग खुशाल लाख ओतली. का? कारण त्याचा डावा कान गेलेला होता. आणि गंमत अशी, की त्या शहाण्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"नाव नाही सांगता येणार," ते म्हणाले, "पण माणूस सांगितला की नाही? डाव्या कानाने ठार बहिरा, आणि वर स्वतःच्या कानांचा भयंकर अभिमान."

व्याह्यांनी मान डोलावली. डोलावता डोलावता मान थांबली.

"पण मघाशी," ते चाचरत म्हणाले, "तुम्हाला दोन्हीकडचा आवाज सारखाच लागला होता ना?"

खोलीत गाण्याची रेकॉर्ड संपून सुई नुसती खरखरत होती. तिने दोरा दातांनी तोडला. शर्ट आणून उघड्या मशीनशेजारी ठेवला, बटण वर करून. बटणाच्या बुडाशी दुहेरी वेढा होता आणि बाजूला एक बारीक फास.

कानसेनांनी बटण पाहिलं. तारांची जुडी पाहिली. पुन्हा बटण. त्यांनी बोटाने ती जुनी गाठ चाचपली, आणि मग बायकोकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच कुठून तरी खोलीत आली होती.

व्याह्यांना उशिरा का होईना, सगळं उमगलं. आपला परदेशी माल आपल्याच सोयरिकीत निघाला याचं दुःख त्यांनी गिळलं आणि मोठ्या मनाने निकाल दिला.

"काही म्हणा, बाप तुम्ही ओळखलात. वचनातून सुटलात."

ती टेबलाला वळसा घालून निघाली. सवयीने उजवीकडे जाणार होती. मधेच थांबली आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"दवाखाना अजून उघडा आहे," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

त्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला. मग काय करतोय ते त्यांच्या ध्यानात आलं आणि मान अर्ध्यावरच राहिली. सावकाश त्यांनी ती सरळ केली. मीटर बंद केला, सोल्डरिंग आयर्नचा प्लग काढला. बटण लावलेला शर्ट अंगात घातला, चपला पायात सरकवल्या, आणि आपल्या पायाने ते बाहेर पडले.