टेपच्या यंत्राला कुंकू

कळंबोलीच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारा तो माणूस दर खेपेला चहाआधी विचारायचा, "टेपवर बॅकअप घेता, छान. पण परत काढून कधी पाहिलात?" आम्ही नुसतं हसायचो.

मग दसऱ्यानंतर कॉम्प्युटर बसला आणि एकही टेप वाचली जाईना. वर्षभराचं काम त्यांतच होतं. त्याने टेपचं यंत्र उघडून आत कापूस फिरवला. कापूस लाल झाला. दसऱ्याच्या पूजेत टेप घालायच्या फटीवर कुंकू मीच वाहिलं होतं.

"भाव बरोबर होता, मॅडम. जागा चुकली," एवढंच म्हणाला आणि सफाईला लागला. संध्याकाळपर्यंत सगळं परत मिळालं.

पुढच्या दसऱ्याला तो न बोलावता आला. यंत्रावर स्वतःचा घडीचा रुमाल अंथरला आणि म्हणाला, "हं, आता वाहा. सढळ हाताने."