रस्त्याकडे पाठ केलेला निवारा

सूर्यभान इंगळे रिटायर होऊन टाकळशेंड्याला परतले तरी त्यांचं शरीर डेपोतच राहिलं होतं. तांबडं फुटायच्या आधी ते उठायचे आणि अंगणात येरझारा घालायचे. सगळी हयात एस.टी.च्या स्टिअरिंगमागे गेली होती. अकोला-तेल्हारा केलं, मग अमरावतीहून सेमाडोहच्या घाटात गाडी नेली. आता खुर्चीवर बसले तरी उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा हलत राहायचा.

"घर हाये हे, गाडी नाई," पार्वताबाई म्हणायच्या. "बसा ना जरा एका जागी."

"बसलोच त हावो," म्हणत ते उठून फाट्यावर जायचे.

फाटा गावापासून हाकेच्या अंतरावर. रस्ता रुंद करताना तिथली कडुनिंबाची झाडं तोडली गेली आणि माणसं भर उन्हात गाडीची वाट पाहू लागली. म्हणून प्रवासी निवारा मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद सूर्यभानभाऊंनाच झाला. भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅब पडला, रंग लागला. आमदार भाऊसाहेब येऊन फीत कापून गेले. गर्दी ओसरल्यावर सूर्यभानभाऊ आत जाऊन बाकावर बसले. समोर कोणाचं तरी तुरीचं वावर. पाठीमागून गाडी गेल्याचा आवाज आला, पण दिसलं काहीच नाही. रस्त्याकडे सलग भिंत होती, आणि त्या भिंतीवर गाडीतून वाचता येईल अशा अक्षरांत 'मा. भाऊसाहेब यांच्या प्रयत्नांतून' असं लिहिलं होतं.

"बाप्पा! हे त उलटं बांधलं!"

"सावली त भेटते ना, भाऊ?" पेढे वाटणारा कार्यकर्ता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'टाकळशेंडावासीयांची प्रतीक्षा संपली'.

सूर्यभानभाऊ बांधकाम खात्याच्या कचेरीत गेले. साहेब साइटवर होते. परत गेले, साहेब मीटिंगमध्ये होते. पुढच्या खेपेला साहेब सापडले. माणूस वाईट नव्हता. त्यानं पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि नकाशा पसरला.

"आजोबा, निवारा बरोबर आहे. हा पाहा, वळणरस्ता. तो मागच्या बाजूनं येणार. तो आला की निवारा बरोबर त्याच्या समोर."

"कधी येते तो?"

"प्रस्तावित आहे."

"अन् तवरोक लोकायनं वावराकडं तोंड करून बसाव?"

"तोपर्यंत थोडं वाकून बघायचं," साहेब म्हणाले, आणि नकाशाची गुंडाळी केली.

तालुक्याला कुलदीप नावाचा पोरगा पेपराला बातम्या द्यायचा. त्यानं फाट्यावर येऊन फोटो काढले. "आबाजी, मोठी बातमी लावतो," म्हणाला. सूर्यभानभाऊ रोज चहाच्या टपरीवर पेपर चाळू लागले. आधी भाऊसाहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी आली. पानोपानी हसरे चेहरे. बातमी आली ती बऱ्याच दिवसांनी, आतल्या पानात, चार ओळींची. 'निवाऱ्यावरून टाकळशेंड्यात दोन गट'.

गावात तोवर या गोष्टीवरून एकही गट नव्हता. बातमी आल्यावर झाले. भाऊसाहेबांच्या माणसांनी सूर्यभानभाऊंना रामराम घालणं सोडलं, आणि विरोधी पक्षाची माणसं घरी चहाला येऊ लागली. "आपण रास्ता रोको करू. तुमी फक्त समोर बसा," त्यातला एकजण म्हणाला.

"जिंदगीभर मोकया रस्त्यासाठी हॉर्न वाजवला म्या," सूर्यभानभाऊ म्हणाले. "आता मीच आडवा बसू? चहा घ्या अन् या."

तेही लोक पुन्हा फिरकले नाहीत.

एप्रिल लागला. फाट्यावरचं डांबर चपलेला चिकटू लागलं. शेजारची आचल नर्सिंगला होती, तिचं त्या दिवशी अकोल्याला प्रात्यक्षिक होतं. सावलीला म्हणून ती निवाऱ्यात बसली होती. सूर्यभानभाऊ गावाकडून फाट्यावर येत होते तेव्हा त्यांना गाडी येताना दिसली. ड्रायव्हरला रस्त्यावर कोणी उभं दिसलं नाही, दिसली ती नुसती भिंत. गाडी तशीच पुढे गेली. मग निवाऱ्याच्या कडेनं आचल धावत बाहेर आली, पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर बॅग, धुरळ्यात. थोडं पळाली आणि थांबली.

"म्या आवाज ऐकला, आबाजी," ती म्हणाली. "उठली तवरोक गेली."

सूर्यभानभाऊंनी हात करून करून एक दुधाची गाडी थांबवली आणि तिला बसवून दिलं. पण ती पोचली तेव्हा तिची तुकडी आत गेली होती. मॅडमनं तिला पुढच्या महिन्यात यायला सांगितलं.

ड्रायव्हरला दोष देता येत नव्हता. उभं कोणी नसलं की पाय ब्रेकवर जातच नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्या दिवशी ते जेवले नाहीत. अंगणात फेऱ्या मारत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाहेद मिस्त्रींच्या दारात उभे होते.

"वाहेदभाई, एका भिंतीले खिडकी पाडाची हाये."

"कौनसी भिंत?"

सूर्यभानभाऊंनी सांगितलं. वाहेदभाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "सरकारी दीवार है, भाऊ. अंदर कर देंगे."

"पाडतो म्याच. तू फक्त दाखव, कुठून पाडली त छत येनार नाई."

वाहेदभाई आले, भिंतीवर कोळशानं चौकोन आखला आणि बाजूला उभे राहिले. सूर्यभानभाऊंनी छिन्नी लावून घण मारायला सुरुवात केली. पाचसहा घाव वाहेदभाईंनी पाहिले आणि मग त्यांना पाहवलं नाही. "द्या इकडं. तुमच्यानं वाकडी होईल."

दुपारपर्यंत खिडकी झाली. रस्त्याकडून पाहिलं तर अक्षरांच्या मधोमध भोक पडलं होतं. त्यात 'साहेब' गेले होते, नुसते 'भाऊ' राहिले होते. टपरीवरची माणसं हसून हसून थकली.

संध्याकाळी पोलिसांची जीप आली. शासकीय मालमत्तेचं नुकसान. ठाण्यात जमादारानं विचारलं, "सोबत कोण होतं?"

"कोणी नाई. माह्येच हात."

वाहेदभाईंचं नाव आलं असतं तर पेपरानं निराळाच मथळा केला असता, आणि मग गोष्ट खिडकीची राहिली नसती. हे त्या दोघांनाही न बोलता ठाऊक होतं. तरी वाहेदभाई ठाण्याच्या फाटकाबाहेर सूर्यभानभाऊ सुटेपर्यंत बसून होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "झूठ बोले आप."

"ड्रायव्हर हावो म्या. गाडीत किती सवाऱ्या, ते मलेच ठाऊक."

सकाळी मथळा होता, 'माथेफिरूकडून निवाऱ्याची तोडफोड'. कुलदीपचा फोन आला. "आबाजी, म्या 'सेवानिवृत्त चालक' लिहिलं होतं. मथळा हाफिसात बदलला."

"मंग त्याहिले इथं पाठव. म्हनाव, बसून पाहा."

भाऊसाहेबांचे कार्यकर्ते निषेधाची तयारी करून आले. खुद्द भाऊसाहेबही आले, कारण जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर होत्या. ते गाडीतून उतरले तेव्हा निवाऱ्यातली एक म्हातारी खिडकीत डोकं घालून उभी होती. तिनं आत वळून ओरडून सांगितलं, "आली वं, तेल्हाऱ्याची आली!" आणि सगळ्या बाया पिशव्या घेऊन उठल्या. गाडी थांबली. बाया चढल्या. भाऊसाहेबांनी ते पाहिलं, आणि निषेधाचे फलक जिथल्या तिथं गुंडाळले गेले.

"जनतेची सूचना आम्ही अमलात आणली आहे," त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. पुढच्या आठवड्यात खिडकीला जाळी बसली, जाळीला फीत लागली, फीत कापली गेली. खिडकीच्या खाली नाव नव्यानं लिहिलं गेलं, आधीपेक्षा मोठं. फोटोसाठी सूर्यभानभाऊंना शेजारी उभं केलं होतं, पण फोटो निघाला तेव्हा ते चौकटीत नव्हते.

केस मात्र राहिली. भाऊसाहेब म्हणाले, खात्याला सांगतो. खातं म्हणालं, आता पोलिसांच्या हातात आहे. पोलीस म्हणाले, आता कोर्टाच्या. आचलचं प्रात्यक्षिक झालं, ती पास झाली, अकोल्याच्या एका दवाखान्यात लागलीसुद्धा. सूर्यभानभाऊ अजून तारखांना जातात.

मागच्या तारखेला पार्वताबाई सोबत गेल्या होत्या. पुकारा झाला, सरकारी वकील आले नव्हते, पुढची तारीख मिळाली. बाहेर व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याची टाकी होती आणि तिची तोटी भिंतीकडे तोंड करून बसवलेली होती. गिलास खाली बसतच नव्हता. सूर्यभानभाऊ टाकीभोवती फिरले, वाकून पाहिलं, तोटी हातानं हलवून पाहिली.

"इथं काई पाडू नका," पार्वताबाई घाईनं म्हणाल्या.

"नाई वं. पाहूनच राह्यलो."

पार्वताबाईंनी डबा उघडला, भाकरीवर ठेचा ठेवला आणि बाकावर जागा केली. सूर्यभानभाऊंनी भाकर हातात घेतली आणि ती उभ्यानंच खात खात, टाकीचं काम कोणाकडे असतं ते शिपायाला विचारायला गेले.