लोकुमच्या जटांखालची गाठ

इस्तंबूलच्या आमच्या नाटक कंपनीत मुअल्ला विग करायची. कंपनी बंद पडली, पण तिचे कंगवे काही निवृत्त झाले नाहीत. आमच्या गल्लीतल्या लोकुम या पांढऱ्याशुभ्र, लांब केसांच्या मांजरीच्या पोटाखाली जटांचा गठ्ठा झाला, तेव्हा झेकी खाटीक कात्री घेऊन आला.

"कात्री ठेव बाजूला," मुअल्ला म्हणाली. "जट ओढली की कातडी वर येते. कापशील तिलाच."

पीठ भुरभुरवून, टोकाकडून मुळाकडे, ती रोज थोड्या जटा सोडवत राहिली. शेवटची सुटली, तरी बोटाला हेझलनटएवढी गाठ लागलीच. ती केसांची नव्हती.

"म्हातारी झाली ती, मुअल्ला हानिम. राहू द्या आता," झेकी म्हणाला.

"म्हातारी मीही आहे. मलाही राहू देणार का?"

विगच्या पेटीत लोकुमला बसवून ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी विचारलं, "मांजर कोणाचं?"

"आमच्या गल्लीचं," मुअल्ला म्हणाली. तिच्या पाठोपाठ आलेला झेकी मागे उभा होता.

"या वयात भूल द्यायची म्हणजे धोका आहे," डॉक्टर म्हणाले.

"गाठ काढा," मुअल्ला म्हणाली. "शुद्धीवर येताना तिला ओळखीची माणसं दिसायला हवीत. आम्ही दोघं इथेच बसतो."

"दोघं?" झेकीने विचारलं.

"दुकान बंद करूनच आलास ना? बस."