यादीतले शेवटचे घर

एक अख्खे वर्ष मी ख्रिस्तप्रसादाची रांग लावत होते आणि स्वतः त्या रांगेत उभी राहत नव्हते. हे कोणाच्या लक्षात आले नाही. मेणबत्त्या लावणे, म्हाताऱ्यांना पुढे बसवणे, रडणाऱ्या मुलांना बाहेर नेणे, इतकी कामे माझ्याकडे असत की मी वेदीपाशी गेले की नाही हे कोण पाहणार? देवाने मात्र पाहिले असेल असे मला वाटे, आणि त्याचीच भीती वाटे.

आमची वस्ती कुंभारवाड्याच्या पुढे, रानात, लाकडाच्या वखारीभोवती वसलेली. वीस-बावीस ख्रिस्ती घरे. कोणी करवतीवर, कोणी गाडीवर. माझे यजमान वखारीवर मुकादम. मी बेळगावात ख्रिस्ती मठातल्या भगिनींच्या शाळेत चार इयत्ता शिकलेली, त्यामुळे लिहिता येणारी बाई मी एकटीच. कुडाच्या भिंतींचे आमचे लहानसे देऊळ होते आणि त्याच्यासमोर लाकडी खुरीस, म्हणजे क्रूस. पाद्री वर्षातून दोन-तीनदाच घाट चढून येत. पावसाळ्यात तर येणे नाहीच. ते यायचे म्हटले की मी आधी आजाऱ्यांची यादी करी. कोण चालू शकत नाही, कोणाला ताप, कोणाच्या घरी आधी जायचे, वाट कोणती. पाद्रींना दोनच दिवस मिळत. यादी नसती तर निम्मी घरे राहिली असती, हे मी आजही म्हणते.

माझ्या याद्यांची चेष्टा करणारा एकच माणूस होता, पेद्रू. नदीपलीकडे राहणारा म्हातारा, जन्मभर करवत ओढलेला. मला तो "यादीबाय" म्हणे. एकदा सणाच्या जेवणाला मी पंगती ठरवून दिल्या होत्या, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "यादीबाय, मी मेल्यावर सेंट पीटरला सांग, तुला विचारूनच स्वर्गाचं दार उघडायचं." लोक पोट धरून हसले. मीही हसले. पण ते मनात राहिले.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात हिवतापाने फार माणसे आडवी झाली. यादीत अकरा घरे होती. पेद्रूचे घर नदीपलीकडे, पाद्रींच्या परतीच्या वाटेवर. ते शेवटी घेणे सोयीचेच होते, कोणीही तसेच घेतले असते. पण शेवटच्या ओळीत त्याचे नाव लिहिताना मला जरा बरे वाटले. माझे पाप काय होते, असे मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन. क्रम चुकला नव्हता. मला बरे वाटले होते.

पाद्री आले त्या पहिल्याच दिवशी दुपारी त्याची बायको आनाक्का नदी ओलांडून आली. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला. म्हणाली, "बाय, त्यांचं काय खरं न्हाई. पाद्रीबाबांना आजच आमच्याकडं पाठव."

मी म्हणाले, "आनाक्का, यादी झालीय. एकाला पुढं घेतलं की दहा जण मागतात. उद्या दुपारपर्यंत येतोच की."

"नक्की?"

"नक्की. नदीच्या उताराशी, पाणी उथळ आहे तिथं येऊन थांब, म्हणजे आमची वाट चुकायची नाही."

दुसऱ्या दिवशी दहाव्या घरी उशीर झाला. आम्ही नदीच्या उतारावर पोचलो तेव्हा ऊन कलले होते. आनाक्का पलीकडच्या दगडावर उभी होती. मी सांगितले होते म्हणून सकाळपासून तिथेच होती. तिच्या मागोमाग आम्ही घरी गेलो, तर पेद्रू गेलेला. कुमसार, म्हणजे पापांची कबुली, झाली नाही. मरणाऱ्याला लावायचे तेल लागले नाही. आणि ज्या बाईने चाळीस वर्षे त्याला भाकरी वाढली ती त्या क्षणी नदीवर पाद्रींची वाट पाहत होती. आनाक्काने माझ्याकडे एकदाच पाहिले. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही.

मला कोणी दोष दिला नाही. वाट लांबची, अकरा घरे, ती तरी काय करणार, असे सगळे म्हणत. यजमानांनी तर विषयच बंद केला. पण क्षमेशिवाय एक जीव गेला आणि त्याच्या दारापर्यंत येणारी क्षमा मी दहा घरे फिरवली, हा विचार दळताना, निवडताना, कशातही सुटेना. नाताळच्या आधी पाद्री आले तेव्हा मी कुमसाराला गेले. नेहमीप्रमाणे पापांची यादी करून गेले होते. सहा पापे सांगितली. सातवे सांगितले नाही. कबुली लपवून ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नसतो, एवढे मला ठाऊक होते. म्हणून मी मेणबत्त्यांपाशी उभी राहिले.

आमच्या वस्तीत एक रीत होती. उपवासकाळात पाद्री यायच्या आधीच्या शुक्रवारी, खुरसापाशी प्रार्थना झाली की ज्याच्याशी वर्षभरात वाकडे झाले असेल त्याच्या दारात जायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "माझं चुकलं, देवासाठी माफ कर." समोरच्याने, "देवानं केलं, मीही केलं," म्हणायचे. मग त्यानेच गुळाचा खडा द्यायचा. पुढच्या उपवासकाळातल्या त्या शुक्रवारीही मी घरे ठरवून निघाले होते. सहा घरे दुपारच्या आत झाली. सहा गुळाचे खडे पदराला बांधून मी नदीच्या उतारावर गेले आणि तिथून परत फिरले. पुन्हा गेले. पुन्हा फिरले. वखारीवरच्या पन्नास माणसांना मी कामाला लावू शकत होते, पण ते गुडघाभर पाणी मला ओलांडता येईना.

तेवढ्यात डोक्यावर वाळलेल्या पाल्याचा भारा घेतलेली एक म्हातारी कुणबीण उताराशी आली. पलीकडच्याच अंगाला राहणारी, भातशेती करणारी बाई. मी तिला लांबून पाहिले होते, बोलणे कधी झाले नव्हते. भारा सावरत ती म्हणाली, "पाण्याला भितीस व्हय? धर माझा हात." मला काही सांगायची सवड न देता तिने माझे मनगट पकडले आणि मला पाण्यात ओढले. पाण्याच्या मधोमध आल्यावर म्हणाली, "तू ती कागदावर लिवणारी न्हवं? म्हातारा जाताना तुजं नाव काढीत होता."

मी तिथेच थांबले. "कोण म्हातारा?"

"पेद्रू. दुसरं कोण? आनाक्का इकडं नदीवर, त्याच्यापाशी मीच होते की."

तिचे नाव देवकी. नदीच्या काठावर भारा टेकवून तिने सगळे सांगितले. पेद्रूच्या आणि तिच्या घरामध्ये एक कुंपण. वीस वर्षे रोज तिन्हीसांजेला पेद्रू आणि आनाक्का मोठ्याने माळेची प्रार्थना म्हणत आणि त्याच वेळी ही अंगणात भात कांडत असे. त्या दिवशी पेद्रू घाबरा झाला, ओठ हलू लागले, पण शब्द येईनात. त्याला काय हवे ते हिला उमगले. "त्ये चुकलं-माकलं म्हणायचं असतंय न्हवं तुमच्यात, शेवटाला? त्ये त्याला पायजे होतं. पर मला मधनंच येत न्हाई गं. पैल्यापासनंच येतंय. मग म्हटलं पैल्यापासनं." सगळी माळ तिने सुरुवातीपासून म्हटली, एकेक करून, मुसळाच्या तालावर शिकलेली. मध्ये आनाक्का पावसासाठी जे मागायची तेही सोडले नाही. आणि म्हातारा तोवर जीव धरून राहिला. पश्चात्तापाची प्रार्थना आली तेव्हा त्याने तिचा हात दाबला आणि प्रत्येक शब्दाला ओठ हलवले. मग त्याला थोडा आवाज फुटला.

"काय म्हणाला?" मी विचारले.

"म्हणाला, यादीबायला सांग, रांग मोडून पुढं चाललोय, रागवू नको म्हणावं. मला माफ कर म्हणावं. मी आनाक्काला तवाच सांगितलं. तिनं सांगितलं न्हाई व्हय तुला?"

मी आनाक्काच्या दारात गेले तेव्हा ती सुपात तांदूळ पाखडत होती. मी हात जोडले. ठरलेले शब्द तोंडात आलेच नाहीत. शेवटच्या ओळीत पेद्रूचे नाव लिहिताना मला बरे वाटले होते, हे मी तिला सांगितले. तिने सूप खाली ठेवले. मग म्हणाली, "त्यांचा निरोप वर्षभर माझ्यापाशी होता. मीच दिला न्हाई. म्हटलं, हिला सोपं कशाला करू? जळू दे." आणि ती रडू लागली. "मरताना त्यांनी माफ केलं आणि मी ते दाबून बसले. आता तूच मला माफ कर, बाय." कोणी कोणाला आधी क्षमा केली हे मला सांगता येणार नाही. गुळाचा खडा आम्ही अर्धा अर्धा खाल्ला. देवकीने दारातूनच हात पुढे केला, म्हणाली, "मला न्हाई व्हय? सगळं मीच म्हटलंय." तेव्हा आनाक्का रडता रडता हसली आणि तिला गुळाची ढेपच दिली.

चार दिवसांनी पाद्री आले. मी कुमसाराला यादी न करता गेले. गुडघे टेकले, पण त्या एका पापापासून सुरुवात करता येईना. तेव्हा मला देवकी आठवली. मलाही मधूनच येत नव्हते. मग मी पहिल्यापासून सांगितले, पंगतीतल्या त्या हशापासून. पाद्रींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग क्षमेचे शब्द त्यांनी उच्चारले आणि मी बाहेर आले. त्या दिवशी मेणबत्त्या लोहाराच्या सुनेने सांभाळल्या. दोन वाकड्या लावल्या होत्या. मी तशाच राहू दिल्या आणि आनाक्काच्या मागे रांगेत उभी राहिले.

देवकीला त्या दिवशी तिथे कोणी धाडले, हे मी कोणाला पटवून देत बसत नाही. तिला विचाराल तर ती म्हणेल, पाला आणायला गेले होते. मला एवढेच कळते की मी ज्या दयेची वाट अडवली असे समजत होते, ती माझ्या वाटेने येणारच नव्हती. ती वीस वर्षे आधीच निघाली होती, कुंपणापलीकडच्या एका उखळापाशी बसून शब्द पाठ करत होती. आजाऱ्यांची यादी मी अजून करते, कारण ती लागतेच. पण ती लिहून झाली की नदीपलीकडे जाते, आनाक्का आणि देवकीला वाचून दाखवते आणि त्या सांगतील ते घर वर घेते. आणि पाद्रींना पोचायला उशीर झाला तर आता मी उतारावर उभी राहून जीव जाळत नाही. आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसते आणि पहिल्यापासून म्हणायला लागते. प्रभूचे उपकार की त्याने मला रांगेत शेवटी का होईना, उभे राहू दिले.