मंजूषाने दाराबाहेर ठेवलेल्या सहा जणी

नियमांवर बोट ठेवणारी माणसं मला सहन होत नाहीत. माझी मैत्रीण मंजूषा तेवढी अपवाद. कोरोनाच्या त्या फेब्रुवारीत नेदरलँड्समध्ये, आमच्या ब्रेडा गावात, घरी एकच पाहुणा चालायचा. मी आणि प्रकाश सायकली दामटत तिला तिळगूळ द्यायला गेलो, तर बाईसाहेबांनी मला आत घेतलं आणि माझ्या नवऱ्याला बागेतूनच लाडू देऊन वाटेला लावलं. प्रकाश आठवडाभर धुसफुसत होता.

ती हेगमधल्या एका छोट्या संस्थेत आयटीचं काम बघायची. एका देशात नऊ वर्षं यादवी चालली होती, आणि तिथल्या दोन्ही बाजूंना बोलतं करायचं काम ही संस्था करत होती. कोरोनामुळे वाटाघाटी लॅपटॉपवर आल्या. मंजूषा घरून बैठक सुरू करायची आणि यादी बघून एकेकाला आत घ्यायची. एकदा कोणी अनोळखी माणूस बैठकीत घुसला, तेव्हा दोन्ही बाजू तडकाफडकी उठून गेल्या होत्या. तेव्हापासून यादीत नाव नाही, तर प्रवेश नाही.

बोलणी करणारे सगळे पुरुष. दोन वर्षं अर्ज-विनंत्या केल्यावर तिथल्या सहा बायकांना शेवटच्या दिवशी वीस मिनिटं मिळाली. त्यांचं मागणं एकच होतं. कैद्यांच्या अदलाबदलीत फक्त लढणारे सुटणार होते. घरातून उचलून नेलेली साधी माणसंही त्यात घ्या, एवढंच त्यांना सांगायचं होतं. त्या दुपारी मसुदा पक्का होणार होता.

सहा जणी एका खोलीत, एकाच फोनसमोर बसल्या. मंजूषाच्या पडद्यावर एकच नाव आलं, उम्म समीर. तिच्या यादीत सहा नावं होती, पासपोर्टवरची. त्यांत हे नव्हतं. तिने मध्यस्थांना दोन निरोप पाठवले, पण ते बोलण्यात गुंतलेले होते. पन्नास मिनिटं ते नाव बाहेर थांबलं आणि मग गेलं. आत कोणीतरी म्हणालं, "बघा, बायकांना एवढी जागा दिली, तर आल्यासुद्धा नाहीत."

संध्याकाळी तिचा मला फोन आला. "अगं, कोणीतरी उम्म समीर म्हणून घुसायला बघत होतं. फेक आयडी असणार."

माझ्या शेजारी तिकडचीच एक बाई राहते, त्यामुळे मला ते ठाऊक होतं. "मंजूषा, उम्म म्हणजे आई. ती समीरची आई आहे. सांगलीत तुझ्या आईला गल्लीत काय म्हणायचे?"

तिच्या आईला सगळी गल्ली मंजूची आई म्हणायची. रेशन कार्डावरचं मालिनी हे नाव पोस्टमनलाही ठाऊक नव्हतं. मी हे इतक्या फटकन बोलायला नको होतं, असं मला अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने सगळ्यांच्या नाकीनऊ आणले. चूक माझी आहे, बायका वेळेवर आल्या होत्या, मसुदा परत उघडा. मध्यस्थांनी ऐकून घेतलं. म्हणाले, दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या कागदाला आता हात लावला तर सगळंच मोडेल, पुढच्या फेरीत बघू. एप्रिलमध्ये लढणारे सुटले, हार घालून घरी गेले. पुढची फेरी झालीच नाही.

समीरच्या आईचं नाव हुदा. मंजूषाने त्यांना माफीचं पत्र लिहिलं, आणि त्यांचं उत्तर आलं तेव्हा मला बोलावून घेतलं. तिचा नवरा राजन चहा ठेवून वर निघून गेला. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. हुदाबाईंनी लिहिलं होतं, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आम्हाला आत घेतलं असतं तरी त्यांनी ऐकलंच असतं असं नाही. समीरला नेलं तेव्हा त्याच्या अंगावर स्वेटर नव्हता, बाकी मला काही सुचत नाही. तुम्ही जेवत जा."

"मी जेवत नाही, हे मी चुकून लिहून गेले होते," मंजूषा म्हणाली. "तिचा मुलगा आत आहे आणि माझी समजूत ती काढतेय."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी तिला जवळ तरी घेतलं असतं.