रंजनाची सर्व्हिस

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. मागाहून चहा नाकात गेला तर दोष मला देऊ नका. माझ्या हातून गाढवपणा पुष्कळ झालाय, त्याचं मला काही वाटेनासं झालंय. पण अख्ख्या पाड्याला टेम्पोत घालून पालघरच्या मैदानावर आणणारा गाढवपणा एकच!

मी मूळची कराडकडची. लग्न करून बोईसरला आले आणि तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले. सकाळी बाटल्या हलवायच्या, दुपारी बाटल्या हलवायच्या. जीव मात्र सगळा व्हॉलीबॉलमध्ये. कॉलेजात माझी सर्व्हिस म्हणजे... जाऊ दे, स्वतःच्या तोंडाने काय सांगायचं? बरं, सांगतेच. समोरच्या पोरी डोळे मिटून घ्यायच्या!

त्या हौसेपायी मी मासवणजवळच्या एका शाळेच्या मैदानावर मुलींना शिकवायला जायला लागले. पहिली पाळी सुटली की तशीच स्कूटर काढायची. अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात निळ्या पट्ट्याचं ओळखपत्र, तोंडात शिट्टी. त्या निळ्या पट्ट्याचं मागाहून सांगते, लक्षात ठेवा.

आता माझी एक खोड. मला ऐकायला जमत नाही. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं मीच पूर्ण करते. आमचे हे म्हणतात, "तुझ्याशी गप्पा मारायला दुसरं माणूस लागतंच कुठे?" तुम्ही म्हणाल, ह्याचा व्हॉलीबॉलशी काय संबंध? आहे, आहे. येतेच.

माझ्या मुलींत एक होती रंजना. अकरावीतली. ताडासारखी उंच, हात लांबच लांब, उडी अशी की नेट तिला कमरेला लागायची बाकी. एकच भानगड होती, सर्व्हिस. कधी नेटमध्ये, कधी शाळेच्या कौलांवर, एकदा तर हेडसरांच्या डब्यात! पालघरला जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी होती, निवडलेल्यांचं पुढे तिथेच शिबिर. त्याआधी रोज तासभर जादा सराव झाला तर ही पोरगी निवडली जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

आणि नेमकी भातकापणी संपली. रंजनाचे आईवडील दर वर्षीसारखे वसईकडे वीटभट्टीवर निघाले. धाकट्या भावाला सांभाळायला रंजनालाही बरोबर नेणार होते. म्हणजे सराव गेला, चाचणी गेली, सगळंच गेलं. मी स्कूटर थेट त्यांच्या पाड्यावर नेली.

रंजनाचे वडील लहानूभाऊ अंगणात गाठोडं बांधत होते.

"भाऊ, रंजनाला नेऊ नका," मी स्कूटरवरूनच ओरडले.

"मंग धाकल्याला कोन बघंल, मॅडम? आन हिला हितं ठेवून काय करू? चेंडू खेळून पोट भरतं का?"

आता ह्यावर शहाण्या बाईने काय म्हणावं? खेळाचं महत्त्व सांगावं, शिबिराचं सांगावं. मी काय म्हणाले?

"तिच्या सर्व्हिसची जबाबदारी माझी! तुम्ही फक्त तिला माझ्या हवाली करा. तिची सर्व्हिस पक्की करून देते."

लहानूभाऊंच्या हातातली दोरी सुटली.

"सर्विस? आमच्या रंजीची?"

"हो, रंजनाचीच."

"पक्की?"

"एकदम पक्की. शब्द देते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शर्टावरच्या कंपनीच्या नावाकडे पाहिलं. ओळखपत्राकडे पाहिलं. आणि बायकोला म्हणाले, "रंजीची कापडं काढ गो गाठोड्यातून. ती काकीकडं ऱ्हाईल."

मी तर हवेतच! घरी येऊन ह्यांना सांगितलं, "अहो, सर्व्हिसचं महत्त्व इतकं चटकन कळलेला बाप मी पाहिला नाही!"

तुमच्यातले चाणाक्ष एव्हाना गालात हसायला लागले असतील. बोईसरकरांनी तर हसावंच. आमच्याकडे सर्व्हिस म्हणजे काय? कंपनीतली पर्मनंट नोकरी! "मुलगा काय करतो?" "सर्व्हिसला आहे." संपला विषय, काढा मुहूर्त. कुंभवलीपासून मनोरपर्यंत कुणालाही विचारा. मी इतकी वर्षं इथे राहते, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की! पण मैदानावर पाय ठेवला की माझ्या डोक्यात सर्व्हिस एकच, नेटवरून जाणारी.

मग सुरू झाला पाहुणचार. एका मुलीच्या आईने पापडीच्या शेंगा आणल्या. दुसरीच्या घरून नवा तांदूळ आला. तिसरीची मावशी एडवणला दिलेली, तिने सुके बोंबील पाठवले. एक दिवस रंजनाची काकी चक्क जिवंत कोंबडा घेऊन हजर! मी नको नको म्हणत होते, पण स्कूटरच्या हुकाला कोंबडा कधी लटकला ते मलाच कळलं नाही. पहाटे बोईसरच्या तिसऱ्या मजल्यावरून त्याने अशी बांग ठोकली की सोसायटीचे सेक्रेटरी लुंगीवर आले. मग काय करणार? रविवारी तो कोंबडा... असो.

"खेळाचं काय प्रेम आहे हो ह्या लोकांना!" मी रस्सा वाढता वाढता म्हणाले.

"कोंबडा देण्याइतकं?" ह्यांनी विचारलं. मी अर्थातच ऐकलं नाही.

पालकांची सभा घेतली तर मुलींपेक्षा पालक जास्त. लांबलांबच्या पाड्यांवरून माणसं आली होती. एवढी गर्दी बघून मला भाषणाची जी हुक्की आली, विचारू नका.

"हे बघा," मी म्हणाले, "खालून सर्व्हिस कुणाचीही होते. ती सोपी असते. पण पुढे तिला काडीची किंमत नाही. माझ्याकडे नियम एकच. सर्व्हिस करायची तर वरून!"

कुजबुज झाली. एक म्हातारबाबा उठून उभे राहिले.

"वरून म्हंजे, मॅडम, कुनाला भेटाय लागंल?"

"कुणालाही नाही! मी कशाला आहे?"

"आन खालून काय द्यावं नाय लागनार?"

"खालून देणारीला मी ताबडतोब बाहेर बसवते!"

अहो, टाळ्या थांबेनात! "लई सरळ बाई हाय," असं कुणीतरी म्हणालेलं माझ्या कानांवर आलं. माझी छाती आणखी फुगली.

"आणि सर्व्हिस मिळाली म्हणून डोक्यात हवा जाऊ देऊ नका. रेषेबाहेर पाय पडला की गेली सर्व्हिस! लगेच समोरच्याला मिळते. मग बसा बोंबलत!"

सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. बहुतेकांनी हे आपापल्या घरात पाहिलेलं असणार.

सभा संपल्यावर एक गृहस्थ बाजूला आले. "मॅडम, माझ्या पोराच्या सर्विसचं पन बघा की."

"वय काय त्याचं?"

"अठ्ठावीस."

"अरे देवा! फार उशीर केलात हो. सर्व्हिस लहान वयातच बसवावी लागते. करतो काय सध्या?"

"गोण्या उचलतो."

"मग खांदा आखडला असणार. अवघड आहे."

"पन पास हाय, मॅडम. बारावी..."

बारावी मी ऐकलंच नाही. "पास कितीही चांगला असू दे, सर्व्हिसचं काय?"

"त्येच तर म्हनतो मी!" बिचारा कळवळून म्हणाला.

ही कीर्ती बोईसरपर्यंत पोचली. एकदा स्कूटर गॅरेजमध्ये होती म्हणून रिक्षा केली, तर रिक्षावाला आरशातून बघत म्हणतो, "मॅडम, सुना है आप सर्विस लगवा देती हो?"

"हां भैया," मी माझ्या कराडी हिंदीत म्हणाले, "लेकिन सिरफ लडकियों का. और सुबह उठना पडता है."

"पैसा?"

"एक पैसा नहीं लेती मैं."

त्याने भाडं घेतलं नाही. उतरताना मला नमस्कार केला!

रंजना मात्र एकदा सरावाच्या मध्येच माझ्याजवळ आली होती. "मॅडम, बाबा ना, ते सर्विसचं..."

"बाबांना सांग, काळजी करू नका. बॉल उचल!"

तिने बॉल उचलला आणि गेली. पण पोरीने मेहनत काय केली हो! हात लाल व्हायचे, खांदा दुखायचा, तरी "अजून एक, मॅडम" म्हणायची. हळूहळू तिची सर्व्हिस अशी बसली की पलीकडच्या मुली डोळे मिटायला लागल्या. मला माझीच आठवण यायची. मी स्वतः कधी करून दाखवत नव्हते, शिट्टीनेच भागत होतं.

चाचणीचा दिवस आला. पालघरचं मैदान. मी मुलींना घेऊन पोचले आणि बघते तर काय, फाटकातून टेम्पो आत येतोय, त्यात अख्खा पाडा उभा! लहानूभाऊ भट्टीवरून रजा टाकून आलेले, अंगात नवाकोरा पांढरा शर्ट. रंजनाच्या आईच्या हातात पेढ्यांचा खोका. सभेतले म्हातारबाबा चक्क वाजवायला तारपा घेऊन आलेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते.

रंजना सर्व्हिसला गेली. वरून, कडक, थेट कोपऱ्यात! पुन्हा तशीच. पुन्हा तशीच. निवड करणारे सर एकमेकांकडे बघायला लागले. थोड्या वेळाने निवडलेल्यांची नावं पुकारली, त्यात रंजनाचं नाव! मी भान विसरून टेम्पोकडे धावत सुटले.

"झाली! लहानूभाऊ, रंजनाची सर्व्हिस पक्की झाली!"

तारपा सुरू झाला. पेढे वाटले गेले. लहानूभाऊंनी डोळे पुसले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, कवापासून जायाचं?"

"परवापासून. इथे पालघरलाच राहायचं, जेवणखाण सगळं तिथेच."

"ऱ्हायाची पन सोय? लई झालं! पाळी कोन्ती? रातपाळी नको द्याला सांगा. अठरा पुरी व्हायची हायेत, तवर शिकाऊ घेतील ना?"

"पाळी? कसली पाळी? कोण घेईल?"

"कंपनी!"

आणि मग, मंडळी, एकेक वाक्य माझ्या अंगावर चालून आलं. खालून. वरून. अठ्ठावीस वर्षांचा तो मुलगा. रिक्षावाल्याचा नमस्कार. आणि कोंबडा! आम्ही तो खाल्ला होता हो!

मी बॉल हातात घेऊन, अडखळत, सर्व्हिस म्हणजे काय ते सांगितलं.  नोकरी नाही, जिल्ह्याचं शिबिर आहे, खेळ आहे, एवढंच कसंबसं बोलले. तारपा थांबला. पेढा तोंडात घातलेले चावायचे थांबले.  ह्या माणसाने माझ्या शब्दावर पोरीला मागे ठेवलं होतं आणि नवराबायको धाकट्याला सांभाळत भट्टीवर राबले होते.

लहानूभाऊंनी हातातला पेढा खोक्यात परत ठेवला. पोरीला म्हणाले, "रंजे, टेम्पोत बस. भट्टीवर जायाचं."

रंजना टेम्पोत चढली. तिथूनच म्हणाली, "बाबा, ही सर्विस चेंडूची हाय, मला ठाव व्हतं. मॅडमला सांगाय गेलते, त्यांनी बॉल उचलाय लावला. मंग गप ऱ्हायले. सांगितलं असतं तर तवाच भट्टीवर नेली असती तुमी."

आणि रडायला लागली. मीही रडायच्या बेतात होते.

लहानूभाऊंनी माझ्या हातातल्या बॉलकडे बोट केलं. मग म्हणाले, "ज्याच्यापायी पोर रडते ती सर्विस म्हंजे हाय तरी काय? तुमची दावा बघू, मॅडम."

आता मागे हटले तर मी कराडची कसली? गेले रेषेमागे. अख्खा पाडा बघतोय, निवडीचे सर बघतायत, माझ्या मुली बघतायत. बॉल उंच फेकला, कॉलेजचे दिवस आठवले, आणि दिला ठेवून!

खांद्यात कट्ट झालं. बॉल भुईवर आपटला, दोन टप्पे घेऊन घरंगळला आणि निवांतपणे नेटच्या खालून पलीकडे गेला.

म्हातारबाबा हळूच म्हणाले, "मॅडम, ही तर खालून गेली!"

कुणी हसेना, कारण लहानूभाऊ हसत नव्हते. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "ऱ्हाऊ द्या ती. कंपनीतली तरी तुमची सर्विस पक्की हाय ना?"

आता तो निळा पट्टा. आमच्या कंपनीत पर्मनंट माणसाच्या ओळखपत्राला हिरवा पट्टा असतो.

"नाही हो," मी खांदा चोळत म्हणाले. "मी कंत्राटावर आहे."

लहानूभाऊंनी डोळे मोठे केले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग ते टेम्पोच्या फळीला धरून असे हसले की बायकोच्या हातातला खोका कलंडला.

"म्हंजे मॅडमची एक पन सर्विस धड नाय!"

सगळा पाडा फुटला! तारपेवाल्या बाबांना तर ठसकाच लागला. मुली हसल्या, निवडीचे सर हसले, आणि काय करणार, मीही हसले.

हसू ओसरल्यावर लहानूभाऊंनी डोळे पुसले आणि टेम्पोत वाकून पोरीला हात दिला. "उतर खाली, रंजे. जा त्या शिबिराला. धाकल्याचं आमी बघू."

रंजना उडी मारून उतरली. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "नीट शिकून ये. आन आल्यावर पयली ह्या मॅडमची सर्विस पक्की करून दे."