आमदारांचा अहवाल आणि आमची जळकी मोटर

विधिमंडळाच्या कामकाजात आमच्या आईने हस्तक्षेप केला, त्या वेळी तिच्या हातात रिकामी बादली होती.

आम्ही मूळचे लातूरकडचे. वडील कंपनीच्या नोकरीसाठी इकडे आले आणि रहाटणीतल्या एका अरुंद गल्लीत त्यांनी घर बांधलं. आता वडील नाहीत. घरात मी, बायको वैशाली आणि आई. (आई एकटीच चौघांइतकी असल्यामुळे घर भरलेलं वाटतं.) मी चाकणजवळ निघोजेतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, आणि माझा आवाज चांगला आहे असं माझं मत आहे. कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात हेल्मेटचं महत्त्व माईकवरून मीच सांगतो. गल्लीच्या गणपतीत "पांढरी स्कूटर कोणाची आहे, कृपया बाजूला घ्यावी" हेही मीच सांगतो. एकदा स्कूटरवाल्याने स्कूटर हलवायच्या आधी थांबून मला विचारलं होतं, "रेडिओवर होता काय हो तुम्ही?" त्या प्रश्नावर मी कित्येक वर्षं जगत होतो.

अशात एका संध्याकाळी गणेश आला. आमच्या भागाच्या आमदारांचं कार्यालय आहे, तिथे तो काम करतो. आमदारांना सगळे भाऊच म्हणतात. भाऊ दर महिन्याला आपल्या कामाचा अहवाल लोकांना पाठवायचे. विधानसभेत कुठला प्रश्न मांडला, कुठलं विधेयक मंजूर झालं, आपल्याकडे कुठे शिबिर आहे, कुठे मेळावा आहे, सगळं त्यात.

"पण सर, लिहिलेलं कोणी वाचत नाही राव," गणेश चहात बिस्कीट बुडवत म्हणाला. "लोक भाऊंच्या फोटोवर अंगठा देतात आणि पुढे जातात. म्हणून या वेळी आवाजात पाठवायचं ठरलंय. सगळ्या ग्रुपवर. तुमच्यासारखा भारदस्त आवाज आख्ख्या वॉर्डात नाही."

'भारदस्त' या शब्दानंतर तो काय बोलला ते मला आठवत नाही. मी हो म्हटलं.

रविवारी संध्याकाळी मी रेकॉर्डिंगला बसलो. आमच्या गल्लीत शांतता अशी नसतेच. भंगारवाला जातो, बुलेट जाते, मग बुलेटमागे कुत्री जातात. तेव्हा मी वरच्या खोलीचं दार लावलं, खिडकी लावली, पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद केला आणि मोबाइल घेऊन गोधडीत शिरलो. उन्हाळ्याचे दिवस! आत माझं भरीत होत होतं. वैशालीने एकदा दार उघडून पाहिलं. पलंगावरचा गोधडीचा ढीग "सदस्यांनी बाके वाजवून स्वागत केले" असं म्हणतोय हे ऐकून तिने दार हळूच लावून घेतलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायका प्रश्न विचारत नाहीत.

घसा साफ करून मी पहिल्यापासून सुरुवात केली.

"नमस्कार! नुकत्याच झालेल्या अधिवेशनात आपल्या लाडक्या आमदारांनी आपल्या भागातील पाणीपुरवठ्याचा प्रश्न अत्यंत तळमळीने..."

दार धाडकन उघडलं.

"कुठलं पाणी?" आई होती. "आज पाण्याचा दिवस, अन् नळ नुसता फुसफुस करायलाय! हितं थेंब येईना, अन् तू गोधडीत शिरून पाणी पाणी काय करायलास?"

"आई, रेकॉर्डिंग चालू आहे!" मी कुजबुजलो. (मोबाइलमध्ये कुजबूज फार स्वच्छ येते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.)

"कर की मग. मी कुठं धरलंय तुला?"

तिची पावलं गच्चीच्या जिन्याकडे गेली. थांबून पुन्हा सुरू करायला हवं होतं. पण एवढं घामाघूम झाल्यावर माणूस हट्टाला पेटतो. मी तसाच रेटत राहिलो.

"सदर विधेयक सभागृहाने एकमताने मंजूर केले असून..."

"समोरच्या कदमीणीनं मोटर लावलीया!" जिन्यातून बातमी आली. "सगळं पाणी तिच्याच टाकीत चाललंय!"

"...त्यामुळे सर्वसामान्य घरमालकाला मोठाच दिलासा..."

"कसला दिलासा! आपली मोटर बी आत्ताच जळून बसायची होती मेली!"

इथे थोडं सांगायला हवं. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढायला आमच्याकडे बंदी आहे. त्यामुळे मोटर सगळ्यांकडे असते, पण कुणाकडेच नसते. हे गल्लीतलं सर्वांत काटेकोरपणे पाळलं जाणारं गुपित. ते तिने जिन्यात उभं राहून दोन वाक्यांत संपवलं.

"...तरी महिला मेळाव्यास सर्व भगिनींनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे," मी दात-ओठ खात शेवट केला.

"मी न्हाई येणार! भांडी पडल्यात सगळी!"

अर्थात मी ते सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं. आईला खाली वैशालीच्या ताब्यात दिलं आणि अगदी देखणा, गंभीर अहवाल तयार केला. आता माझ्या मोबाइलमध्ये 'अहवाल', 'अहवाल नवीन', 'अहवाल फायनल' आणि 'अहवाल फायनल खरा' अशा फायली झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये, डुलकी येत असताना, मी त्यातली एक गणेशला पाठवली. गणेशने पहिला 'नमस्कार' ऐकला, "आवाज एक नंबर सर" असं मला लिहिलं आणि ती सगळ्या ग्रुपवर सोडून दिली.

आमच्याकडे शॉपवर, म्हणजे मशिनी चालतात तिथे, मोबाइल नेता येत नाही. गेटवरच जमा करावा लागतो. त्यामुळे आख्खी शिफ्ट मी अत्यंत सुखात काढली. मधूनच मला वाटायचं, या क्षणी काळेवाडीत कोणी माझा आवाज ऐकत असेल, पिंपळे सौदागरात कोणी ऐकत असेल. वाटत होतं ते खरंच होतं. सगळे ऐकत होते!

शिफ्ट सुटल्यावर मोबाइल हातात घेतला तर तो तापलेला. वैशालीचे मिस्ड कॉल इतके, की मला वाटलं घराला आग लागली. मी फोन लावणार तेवढ्यात बस सुरू झाली आणि ड्रायव्हरने स्पीकर मोठा केला. "कसला दिलासा! आपली मोटर बी आत्ताच जळून बसायची होती मेली!" सगळी बस हसून लोटपोट. आमच्या लाइनवरचा कोकणातला सावंत डोळे पुसत म्हणाला, "कोण रे ही बाय? एकदम कडक हा!"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. चाकणपासून रहाटणीपर्यंतचा रस्ता एवढा लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं.

घरी कदमकाकू आल्याच होत्या. कदमकाकू म्हणजे आमच्या समोरच्या. दोन्ही घरांत इतकी वर्षं लोणच्याच्या बरण्यांची ये-जा.

"माझी मोटर? माझी?" काकूंचा आवाज थरथरत होता. "माझ्या सुनेच्या माहेरी कासारवाडीला ऐकलं हो त्यांनी! विहीणबाईंचा फोन आला, 'पाणी भरपूर का?' म्हणून!"

मला वाटलं, आई आता माफी मागेल. पण आई शांतपणे म्हणाली, "मी आपली मोटर बी सांगितली की. तुझी एकटीची कुठं सांगितली?"

"अहो पण तुमची जळकी! माझी चालू!"

काकू तरातरा निघून गेल्या. गेल्यावर आई ओट्यापाशी नुसतीच उभी राहिली. भांडण झालं की ती भांडी आपटते. त्या दिवशी एकही भांडं वाजलं नाही.

"लई वाईट झालं का रे?" तिने विचारलं. "ती रडली का जाताना?"

"तुझी काय चूक? फाइल मी पाठवली," मी म्हटलं.

"ते तर हायेच," आई म्हणाली. (सांत्वन करायला गेलं की आमच्याकडे असं होतं.)

तेवढ्यात गणेशचा फोन. आवाज पार उतरलेला. "सर, भाऊंनी ऐकलंय. मेळाव्याला आईंना घेऊन या म्हणालेत. कशासाठी ते सांगितलं नाही. हसत होते की नाही, तेही कळलं नाही, गॉगल होता."

वैशाली म्हणाली, "आपण लातूरला जाऊ या का थोडे दिवस?"

मग पुढचा पाण्याचा दिवस उजाडला. सकाळी सकाळी गल्लीत विचित्र आवाज यायला लागले. इकडे पान्याची खटखट, तिकडे पाइप ओढल्याची खरखर. शेजारच्या पाटलांनी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून माळ्यावर नेलं. कदमकाकूंच्या घरातूनही "हळू, पायावर पडेल!" असं ऐकू आलं. पाण्याच्या खात्याची माणसं तपासणीला येणार, अशी हूल कोणीतरी उठवली होती. आख्ख्या गल्लीने एका सकाळी मोटरी काढल्या! आणि संध्याकाळी पाणी आलं. नुसतं आलं नाही, वरच्या मजल्यावर आपल्या पायांनी चढलं. आई नळासमोर पाटावर बसून त्या धारेकडे बघत राहिली.

थोड्या वेळाने दारात सुनीता कांबळे आली. गल्लीच्या अगदी टोकाच्या घरातली. एका दवाखान्यात नर्स आहे. टोकाला पाणी पोचायचंच नाही, त्यामुळे ड्युटीला जायच्या आधी ती चौकातल्या नळावरून हंडे आणायची. येताजाता आम्ही "दमलीस का गं?" असं विचारायचो आणि आत येऊन मोटर चालू करायचो.

"मावशी, आज आमच्याकडे पाणी आलं," ती म्हणाली. "सासूबाई नळ बंदच करू देईनात. म्हणतात, जरा वाहू दे, बघू दे."

आईने सुनीताचा हात धरला, आत नेलं, चहा टाकला आणि मला म्हणाली, "जा, कदमीणीला बोलाव. म्हणावं, बरणी रिकामी झालीया, न्यायला ये." काकू आल्या. तोंड फुगलेलं होतं, पण आल्या. तिघी चहा पीत बसल्या आणि मला बाहेर काढण्यात आलं.

मेळाव्याला आम्ही चौघं गेलो, कारण कदमकाकू म्हणाल्या, "बोलणी बसली तर सगळ्यांना बसू देत, तुमच्या एकट्यांना का?" हॉल बायकांनी भरलेला. आईने तोंड उघडलं आणि "सरका की जरा" एवढंच म्हणाली, तर पुढची ओळच्या ओळ वळली. "अगं बाई, ह्याच त्या!" हळदीकुंकवाला लागावी तशी रांग लागली! मी मागे पिशवी धरून उभा.

भाऊ आले. गॉगल काढला. थेट आमच्यापुढे उभे राहिले. मी पाठ केलेली माफी सुरू केली, "भाऊ, तांत्रिक बिघाडामुळे..."

"थांबा हो जरा," भाऊ मला म्हणाले आणि आईकडे वळले. ते इथल्याच जुन्या घराण्यातले, बोलणं गावाकडचं. "मावशी, मी पाण्यावर सभागृहात घसा फोडून बोललो. आमच्या घरात बी कुणी ऐकलं न्हाई. आन् तुमचं आख्ख्या मतदारसंघानं दोन दोन डाव ऐकलं. माझा ह्यो पयला अहवाल हाय, जो लोकांनी शेवटापातूर ऐकला."

"मग पाण्याचं काय करायलाव?" आईने विचारलं.

गणेशने डोळे मिटले. भाऊ मात्र हसले. मग त्यांनी मागे उभ्या असलेल्या, पाण्याच्या खात्यातल्या साहेबांना पुढे ओढलं. "ह्ये साहेब हायेत. ह्यांना इच्यारा. मला बी ऐकायचंय."

आईने विचारलं. कदमकाकूंनी विचारलं. सुनीताही ड्युटी बदलून आली होती, तिने टोकाच्या घरांचं विचारलं. साहेबांनी गल्लीचा व्हॉल्व्ह बदलायचं सगळ्यांसमोर कबूल केलं, आणि पुढे तो बदललाही. एकही मोटर माळ्यावरून परत खाली आली नाही असं मी शपथेवर सांगणार नाही, पण टोकाच्या घरी पाणी येतंय.

निघताना गणेश धावत आला. "पुढच्या महिन्याचं रेकॉर्डिंग, भाऊ म्हणाले..."

"हो, हो," मी घसा साफ केला. "रविवारी संध्याकाळी जमेल मला."

"तुम्ही नाही सर," गणेश ओशाळून म्हणाला. "आई."

आता अहवाल आई सांगते. विधेयक वाचून झालं की "म्हंजे आपल्याला काय?" असं स्वतःच विचारते आणि ते गणेशला सांगता आलं नाही, तर पुढे जात नाही. लोक वाट बघतात म्हणे.

परवा बसमध्ये कंपनीत नव्याने लागलेला एक जण शेजारी बसला. सावंतने माझी ओळख करून दिली, "ह्यांची आई ती. मोटरवाली."

त्या नव्या पोराने माझा हात दोन्ही हातांत धरला. "काय सांगता सर! तो पहिला अहवाल मी अजून ठेवलाय. मावशी काय बोलल्यात! काय मुद्दे!" मग जरा संकोचून त्याने विचारलं, "फक्त त्यात एक माणूस सारखा मधे मधे बोलत होता... तो कोण हो?"